वेलाचं तेल

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता आणि त्याचा तळ वाळवीनं खाल्ला होता. आफ्रिकेचं टोक शाबूत होतं, ऑस्ट्रेलिया शाबूत होता, त्यांच्याखाली वीतभर निळं पाणी, आणि मग एकदम पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत. पृथ्वीचा जो भाग वाळवीच्या पोटात गेला होता, नेमका त्याच भागात माझा नवरा नोकरीला होता. पोरं पाढे म्हणू लागली की मी त्या भिंतीकडे पाहत राहायचे. बे एके बेपासून निघालेला सूर तीस दाहे तीनशेला पोचेपर्यंत मी बर्फाच्या डोंगरांतून हिंडून परत आलेली असायचे.

ही पन्नास-साठ सालांच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव मुठा खोऱ्यातलं, नदीच्या काठाला, थोड्या घरांचं. मी पौडची, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली. लग्न होऊन इथं आले आणि लोकल बोर्डाच्या एकखोली शाळेत मास्तरीण झाले. गावात लिहितावाचता येणारी बाई मी एकटी. त्यामुळे डोकं जरा चढलेलं असायचं, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. कोणी ‘हितं’ म्हटलं की मी ‘इथं’ म्हणायचे, कोणी ‘न्हाई’ म्हटलं की ‘नाही’. सासूबाईंनाही मी सोडलं नव्हतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुढच्याच वाक्यात दुप्पट जोरानं ‘न्हाई’ म्हणायच्या.

नवऱ्याचं नाव मी घेणार नाही. आमच्यात ते उखाण्यापुरतंच घेतात, आणि उखाणा घ्यायचं वय गेलं. सासूबाईंचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा त्यांचा भाऊ मुंबईच्या गोदीत कामाला लागला. त्यानं पुढं आपल्या भाच्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, बोटीवर खलाशी म्हणून चिकटवलं. डोंगरातला माणूस, पोहायलासुद्धा डोहात शिकलेला, तो असा समुद्रावर गेला. त्यांची बोट तेल वाहणारी होती. दर हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, ती पार खाली बर्फाच्या समुद्रात जायची आणि तिथून तेल भरून विलायतेला न्यायची. कसलं तेल, हे लग्नानंतर दोन वर्षं मला ठाऊक नव्हतं.

आता डोहाचं सांगायला हवं.

गावाखाली नदीला वळण आहे, तिथं कातळात खोल डोह आहे. काठावर देवीचं ठाणं. डोहात मोठाले मासे, हाताएवढे, काही तर माणसाच्या मांडीएवढे, पाठीला काळपट आणि उजेडात वळले की सोन्यासारखे. ते देवीचे. त्यांना गावात सगळे देवमासे म्हणत. त्यांना कुणी गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही आणि ते किती आहेत हे मोजायचं नाही. पोरानं नुसतं बोट केलं तरी पाठीत धपाटा बसायचा. चैत्री पुनवेला नदीची धार बारीक होते, डोह तेवढा भरलेला राहतो. त्या दिवशी सकाळी घरटी एक माणूस तांदळाच्या पिठाचे गोळे घेऊन पायऱ्या उतरतो आणि पहिली मूठ माशांना टाकतो. याला घास म्हणत. घरचा कर्ता परगावी असला तर त्याची आई त्याच्या नावानं टाकायची. ज्या घराचा घास डोहात पडला ते घर त्या वर्षापुरतं गावात धरलं जायचं, इतकं साधं होतं ते.

आणि ज्यानं देवमासा मारला त्याचा घास बंद. असं पूर्वी एकदाच झालं होतं. एका माणसानं आजारी बायकोसाठी चोरून एक मासा काढला. पुष्कळ वर्षांनी त्यानं पाण्यात गुडघाभर उतरून सगळ्या गावासमोर ‘एक’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्याचा घास खुला झाला. रीतच तशी होती. जिवंत मोजायचे नाहीत, मारलेले मोजून सांगायचे. मला ही रीत फार गमतीची वाटायची. माझ्या अंकगणिताच्या पुस्तकात असं उदाहरण कुठंच नव्हतं.

ह्यांची पत्रं महिना-दीड महिन्यानं यायची. पौडहून पोस्टमन चालत यायचा आणि पाकिटावरचं तिकीट कुणाला मिळणार यावरून शाळेत भांडणं व्हायची. पत्र आलं की सासूबाई ओट्यावर पोतं अंथरायच्या, शेजारणी जमायच्या, गुरवीण यायची आणि मी वाचायचे. ह्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर गोल, शब्द कानानं लिहिलेले. त्या दिवशीच्या पत्रात लिहिलं होतं की इकडं सूर्य मावळत नाही, जेवणाचा वखत घंटेवर कळतो, थंडीनं मिशीला बर्फ लागतो. मग पुढं होतं, ‘हितं वेल लई मारत्यात. आमच्या बोटीत वेलाचं तेल भरत्यात.’

सासूबाई म्हणाल्या, “येलाचं त्याल? कसला येल?”

शेजारणींत चर्चा सुरू झाली. एकीला वाटलं कारल्याचा असेल. दुसरी म्हणाली, बर्फात कुठला आलाय कारल्याचा वेल, एरंडासारखं काहीतरी असेल. गुरवीण म्हणाली, वेल मारतात असं का लिहिलंय, कापतात म्हणायला हवं. सगळ्या हसल्या. आणि मला राहवलं नाही. मला तर कळलं होतं, हा इंग्रजीतला व्हेल. भूगोलाच्या पुस्तकात मी स्वतः मुलांना शिकवलं होतं. त्यांच्या त्या अडाणी हसण्यात आपल्या नवऱ्याचा समुद्र कारल्याचा मांडव होतोय, हे मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, “अहो, वेल नव्हे. देवमासा. तिथं देवमासे मारतात आणि त्यांचं तेल ह्यांच्या बोटीत भरतात.”

गुरवीण उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी पुढं वाचीन म्हणून. पुढं फक्त सगळ्यांना नमस्कार होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी धावत देवळात गेले आणि गुरवबाबांना समजावून सांगू लागले की हा निराळा मासा, समुद्रातला, घराएवढा मोठा, खरं तर मासाच नव्हे, पिल्लाला दूध पाजणारं जनावर आहे. गुरवबाबा मऊ माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याला नाव काय म्हणालात? मी म्हणाले, देवमासा. ते म्हणाले, मग झालं तर. आणि दूध पाजणारं आहे म्हणता, म्हणजे आणखीच वाईट.

तिथंच मला सांगता आलं असतं की पत्रात तो शब्दच नाही, तो मी घातला. सांगितलं नाही. साऱ्या गावाची पत्रं मी वाचायचे. कुणाचा मुलगा पलटणीत होता, कुणाचा भाऊ गिरणीत, आणि त्यांची ख्यालीखुशाली माझ्या तोंडून घरात यायची. मास्तरीणबाई लिहिलेलं सोडून मनाचं वाचतात असं एकदा झालं असतं, तर माझं काय राहिलं असतं? आज ते फुसकं कारण वाटतं. तेव्हा ते डोंगराएवढं होतं. मी पत्र ट्रंकेत तळाशी ठेवलं, वर लग्नाचा शालू ठेवला आणि कुलूप लावलं.

त्या चैत्रात आमच्या घराचा घास पडला नाही. सासूबाईंनी पहाटे उठून सवयीनं गोळे वळले, आणि मग ते गाईला घातले. ह्यांनी धाडलेली साबणाची वडीही त्यांनी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली, कारण त्या तेलाचा विलायतेत साबण होतो असं मीच मधे कुठंसं वाचून सांगितलं होतं. माझ्या विद्येनं घराची अशी चहूबाजूंनी सेवा चालली होती.

वर्षभरानं हे आले. फाल्गुन होता. सोबत एक विचित्र वस्तू आणली होती. हातभर लांब काळी पट्टी, शिंगासारखी टणक, आणि एका कडेला राठ केसांची झालर. सासूबाईंना आधी वाटलं बाहेरगावचा कुंचा असावा. हे म्हणाले, ही वेलाच्या तोंडात असते, दातांच्या जागी, अशा शेकडो पट्ट्या ओळीनं. तो तोंड उघडून पाणी घेतो, जिभेनं दाबून बाहेर सोडतो, आणि झालरीत अडकतो तो जवळा खातो. जवळा म्हटल्यावर सासूबाई पुढं सरकल्या. ताम्हिणीवरून कोकणातल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडून आम्ही सुका जवळा घ्यायचो. पावसाळ्यात भाजी नसली की तोच.

“एवढं मोटं धूड,” त्या म्हणाल्या, “आन खातंया जवळा?”

त्या संध्याकाळी त्यांनी कांदा घालून जवळा केला, आणि जेवताना मधेच थांबून ताटात पाहत राहिल्या. मुलानं काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं आणि तो ‘व्हय’ म्हणाला तर पुढं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी कुठल्या तोंडानं विषय काढणार? गावातही कुणी ह्यांना कारण सांगितलं नाही. ज्याची चूक त्याला ती माहीतच असते, असा गावाचा समज. चैत्री पुनवेला हे टोपली घेऊन उतरले, तेव्हा गुरवबाबा पायरीवर आडवे आले आणि हळूच म्हणाले की तुझा घास बंद आहे. ह्यांना वाटलं, समुद्र ओलांडला, कुणाकुणाच्या हातचं खाल्लं, म्हणून असेल. ते परत आले, टोपली खाली ठेवली आणि खाचराचा बांध घालायला निघून गेले. मी दारात उभी होते. माझ्या जवळून जाताना त्यांनी मला विचारलं, का गं, काय झालं असेल? मी म्हणाले, गावाचं काय सांगावं. एवढं खोटं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललेली नाही.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र माझ्या मनात अजून तशाच आहेत. मी भाकरी घेऊन खाचरावर जायचे. हे बांधावर बसून खायचे आणि सांगायचे, आणि मी शेतात बसून समुद्र ऐकायचे. तिथं रात्र नसते. उजेड पिवळा, मग गुलाबी, मग पुन्हा पिवळा, पण जात नाही. बर्फाचे डोंगर आवाज न करता सरकत असतात. आणि त्या पाण्यात सगळीकडे श्वासाचे फवारे उडत असतात. हे म्हणाले, तिन्हीसांजेला आपण वरच्या टेकाडावरून गावाकडं पाहतो तेव्हा घराघरावर धूर दिसतो ना, तसं दिसायचं. इथं एक, तिथं दोन, लांब पुन्हा एक. बघून वाटायचं की इथं वस्ती आहे, सगळ्यांच्या चुली पेटल्यात. ते पहाऱ्यावर असले की फवारे मोजायचे. सांगायला आकडा नको असायचा कुणाला, पण हात रिकामे आणि डोळे उघडे, मग माणूस मोजतोच.

मला दिवसाढवळ्या स्वप्नं पडायची. श्रावणात खोऱ्यात ढग भरले आणि डोंगरांच्या पाठी तेवढ्या वर राहिल्या की मला वाटायचं, आता यातली एक हलेल. शाळेच्या वाटेवर ओढ्याचं पाणी पायांवरून जाताना मी थांबायचे, कारण हे पाणी मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून समुद्राला जातं हे मला तोंडपाठ होतं. समुद्र सगळा एकच. म्हणजे माझ्या पावलांवरून गेलेलं पाणी कधी ना कधी त्यांच्या बोटीला लागणार. मुलांना मी कोऱ्या भिंतीवर कोळशानं नकाशाचा हरवलेला तुकडा काढून दिला. कुठं बर्फ, कुठं पाणी, सगळं मनानं. मग पाण्यात बारीक बारीक फवारे काढले. मुलांनी विचारलं, बाई, हे काय? मी म्हणाले, धूर.

हे पुन्हा गेले, पुन्हा आले. असं पाच-सहा वर्षं चाललं. दर खेपेला बांधावरची गोष्ट आखूड होत गेली. पहिल्या वर्षांत निळ्या जातीचे यायचे, सगळ्यांत मोठे, एक ओढून आणला तर सबंध दिवस कापायला लागायचा. तिथं एक बोट म्हणजे अख्खा कारखानाच होता. मागून भोक, त्यातून शेपटीनं ओढून वर घ्यायचं, वरच कापायचं, खाली उकळायचं, आणि तेल नळीनं ह्यांच्या बोटीत. मग निळे दिसेनासे झाले. कारखाना चालू राहिला, आता त्यांच्याखालच्या जातीचे येऊ लागले. तेही कमी झाले, मग त्याहून लहान. सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या की आपल्या रानाचं असंच झालं. त्यांच्या लहानपणी सांबर मारून आणायचे. सांबर दिसेना तेव्हा भेकर. आता एक ससा मिळाला तरी शिकारी वाजतगाजत येतात.

साठ उलटून काही वर्षं झाली होती. एका फाल्गुनात हे आले ते कायमचे. पेटी नेहमीपेक्षा मोठी होती. बोट आता तिकडं जाणार नाही, म्हणाले, भरायला तेलच नाही. मालकांनी तो धंदा सोडला. दुसऱ्या देशांच्या बोटी अजून जातात म्हणे, पण त्यांनाही शोधत फिरावं लागतं.

दोन दिवसांनी बांधावर बसले असताना मी विचारलं, या खेपेला किती मोजलेत? विचारताना मला गंमतच वाटत होती, जुना खेळ म्हणून. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, दोन. मला वाटलं एका पहाऱ्याचे. ते म्हणाले, नाही, सगळ्या हंगामाचे. एके दिवशी, लांब, शेजारी शेजारी दोन फवारे उडाले आणि बर्फाच्या आड गेले. एक मोठा, एक बारका. त्यानंतर परत निघेपर्यंत रोज डोळे फुटेस्तोवर पाहिलं. पाणी तेवढंच होतं, म्हणाले, उजेड तेवढाच होता, आणि गावात कुणी नव्हतं.

सासूबाई तेव्हा थकल्या होत्या. चालताना काठी लागायची. त्या वर्षी पुनव जवळ आली तशा त्या म्हणू लागल्या की यंदा मला डोहावर न्या, लांबून बघीन. एका दुपारी माझ्याजवळ बसून त्यांनी सरळ सांगितलं, पोराच्या हातचा एक घास पाण्यात पडलेला पाहिला असता तर बरं झालं असतं, मग डोळे मिटले तरी चाललं असतं. त्यांनी मला दोष दिला नाही. दोष माझा आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी तिथून उठले, आत गेले आणि ट्रंक उघडली.

पत्र घडीवर फाटलं होतं. पुनवेच्या आदल्या दिवशीची दुपार. मी ते ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, यातला वेल मी देवमासा करून वाचला, म्हणून तुमचा घास बंद आहे. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगवलंच नसतं. त्यांनी आपलंच अक्षर बोटानं वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, एवढीशी तर ओळ होती. सासूबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“इतकी वर्सं,” त्या म्हणाल्या, “पोटात ठिवलंस.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या की चल, तोंड धू, गुरवाकडं जायचंय.

आम्ही तिघं गुरवबाबांकडे गेलो. तेही म्हातारे झाले होते, ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मी पत्र वाचून दाखवलं, या खेपेला जसं लिहिलं होतं तसं, ‘हितं’ आणि ‘लई’सकट. आणि सांगितलं की देवमासा हा शब्द माझा. गुरवबाबा माझ्याकडे पाहून म्हणाले की वेलच राहू द्यायचा होता, बाई, कारल्याचा का असेना. रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. मग ह्यांना म्हणाले की चूक कळली, घास खुला आहे, सकाळी ये. सासूबाईंनी तिथंच हात जोडले.

हे उठले नाहीत.

“बाबा,” ते म्हणाले, “हिनं लिवल्यालं वाचलं न्हाई. पर जे हुतं त्येच वाचलं.”

गुरवबाबांनी सुपारी खाली ठेवली. हे सांगू लागले. मी मारले नाहीत, बंदूक माझ्या हातात नव्हती, पण नळी मी धरायचो, ऊन ऊन तेल माझ्या हाताखालून जायचं. ते मासे देवाचे नव्हते तर मग कुणाचे होते? मी निर्दोष म्हणून पायरी उतरणार नाही. उतरायचं तर रीतीनं उतरेन. सासूबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. गुरवबाबा म्हणाले, रीतीनं म्हणजे आकडा सांगावा लागेल. हे म्हणाले, सांगतो.

घरी येईपर्यंत मी मनात हिशेब मांडत होते. कुठला आकडा सांगणार? एका बोटीत मावलेल्या तेलाचे मासे किती? इतक्या हंगामांचे किती? वर्गात पोरांना मी कठीण कठीण उदाहरणं घालत असे, पण याला उत्तर नव्हतं. आणि आकडा नाही सांगितला तर घास नाही, आणि सासूबाईंना पुढची पुनव दिसेल याची कुणी खात्री द्यावी?

सकाळी सगळं गाव काठावर होतं. सासूबाईंना आम्ही कातळावर घोंगडी घालून बसवलं. एकेका घराचा माणूस उतरला, मूठ टाकून वर आला. शेवटी हे टोपली घेऊन उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. गुरवबाबांनी पायरीवरून विचारलं, “किती?”

ते पाण्याकडे पाहत होते. पाण्याकडे नाही, पाण्याच्या पार पलीकडे, डोळे बारीक करून, पहाऱ्यावरचा माणूस पाहत असेल तसे. मला वाटलं आता हे बोलणारच नाहीत.

“दोन,” ते म्हणाले.

“दोनच?”

“दोनच.”

गुरवबाबांनी मान हलवली. ह्यांनी मूठ टाकली. क्षणभर काही झालं नाही, मग खालून काळ्या पाठी वर आल्या, वळल्या, आणि डोह सोन्यानं ढवळून निघाला. सासूबाई मोठ्यानं रडू लागल्या. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं की दोन म्हणजे काही फार नाहीत. दुसरा म्हणाला, एवढ्या वर्षांत दोनच, गरीब माणूस आहे तो. सासूबाईंनी माझा हात धरला आणि रडता रडता म्हणाल्या, “दोनच मारलं गं माज्या पोरानं.”

ते दोन कोणते, हे त्या काठावर मला एकटीला ठाऊक होतं. मी सासूबाईंचा हात घट्ट धरून ठेवला आणि या खेपेला काही दुरुस्त केलं नाही.